खिडकी लावून ऐकलेली गाणी: निषेधाचं गीत, दीनदार घर आणि कायदा

१३ मे २०२५ रोजी नागपुरात विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहात एक स्मृती-कार्यक्रम झाला. दिवंगत अभिनेते आणि आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार यांच्या आठवणीतला. त्यात समता कला मंचाच्या तरुण कलाकारांनी फैज अहमद फैज यांची 'हम देखेंगे' ही नज्म गायली. काही दिवसांतच सीताबर्डी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ लावलं गेलं. देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठीचं हे कलम आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. देश पाकिस्तानशी संघर्षात असताना पाकिस्तानी कवीची कविता गायली गेली आणि व्यासपीठावरून सत्ता हादरवण्याची भाषा झाली, असा तक्रारीचा सूर होता.

गोंदियाहून नागपूर रेल्वेने दोन-अडीच तास. ही बातमी आमच्याकडे व्हॉट्सअॅपवरून त्याच दिवशी पोहोचली आणि तिच्या मागोमाग पालकांचे निरोपही आले. "बच्चों को बोलो, ये सब गाना-वाना बंद करें, जमाना खराब है." आणि लगेच पुढचं वाक्य, "वैसे भी गाना-बजाना अपने यहाँ जायज कहाँ है." मी शाळेत शिकवते, उर्दू आणि मराठी दोन्ही. अशी दोन वाक्यं एका दमात बोलली गेलेली मी गेली वीस वर्षं ऐकत आले आहे. पहिल्या वाक्यात पोलिसांची भीती आहे, दुसऱ्यात दीनचा हुकूम आहे. आपण दोन्ही एकत्र बांधून मुलांच्या हातात देतो. हा लेख त्या गाठीविषयी आहे.

नज्म मुळात आहे तरी काय?

आधी त्या नज्मचा इतिहास पाहू. कारण तिच्यावर मत देणाऱ्या अनेकांनी ती वाचलेलीच नसते. फैज यांचा जन्म १९११ चा, सियालकोट जिल्ह्यातला, अखंड हिंदुस्थानातला. पाकिस्तान झाल्यावर तिथल्या सरकारनेच त्यांना १९५१ मध्ये रावळपिंडी कटाच्या खटल्यात तुरुंगात टाकलं. 'हम देखेंगे' ही नज्म १९७९ ची. तेव्हा पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती. झिया धर्माच्या नावावर राज्य करत होते, आणि फैज यांनी त्याच धर्माची प्रतिमासृष्टी घेऊन त्यांना उत्तर दिलं. नज्मचं मूळ शीर्षक सूरह रहमानच्या २७ व्या आयतीतून घेतलेलं आहे. सगळं नाशवंत आहे, बाकी राहणार तो फक्त रब, हा त्या आयतीचा आशय. हुकूमशहाला आठवण करून द्यायला याहून नेमकी आयत कुठली असणार?

फैज १९८४ मध्ये वारले. १९८६ मध्ये लाहोरला हजारो श्रोत्यांसमोर इक्बाल बानो यांनी ही नज्म गायली आणि टाळ्या-घोषणांसकट तिचं ध्वनिमुद्रण कॅसेटवरून जगभर पसरलं. म्हणजे ज्या गाण्यावर आज 'पाकिस्तानी' म्हणून बोट ठेवलं जातं, ते पाकिस्तानच्या लष्करशाहीविरुद्धचं गाणं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये कानपूर आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी ती म्हटली, तेव्हा ती 'हिंदूविरोधी' असल्याची तक्रार झाली आणि संस्थेने चौकशी समिती नेमली. एका देशात ती सत्तेला नको होती, दुसऱ्या देशात तिच्यावर परकेपणाचा शिक्का बसला. निषेधाच्या गाण्याचं नशीब बहुधा असंच असतं.

यातला दुसरा योगायोग तर फारच बोलका आहे. वीरा साथीदार यांना देशभर ओळख मिळाली ती चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या २०१४ च्या मराठी चित्रपटामुळे. त्यात त्यांनी नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या शाहिराची भूमिका केली. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याला कोर्टाच्या फेऱ्यांत अडकवलं जातं. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. चार वर्षांनी त्यांच्याच स्मृती-कार्यक्रमातल्या गाण्यावर गुन्हा दाखल झाला.

घरातला नियम

माझं बालपण गोंदियातलं, ऐंशी-नव्वदच्या दशकातलं. अब्बा एका राइस मिलमध्ये हिशेब लिहायचे. घर पक्कं दीनदार. टीव्ही नव्हता. टेपरेकॉर्डर होता, तो किरअत आणि तकरिरी ऐकण्यासाठी घेतलेला. मगरिबची अजान झाली की तो बंद. दादी मीलादला नात पढायची, तिचा आवाज सुरेल होता. पण तिला कुणी 'गाते' म्हटलेलं चालत नसे. ती 'पढते' असंच म्हणायचं. मुशायऱ्याच्या कॅसेटही चालायच्या, कारण शायर तरन्नुममध्ये म्हणतो, सोबत बाजा नसतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात हा असाच बारीक हिशेब होता. हमद, नात, नज्म, सलाम चालेल. तबला-पेटी आली की नाही.

भाईजान नागपूरला शिकायला होता. त्याने एकदा इक्बाल बानोची ती कॅसेट आणली आणि डबीवर लिहिलं, 'तकरीर'. अब्बांना कळायला आठवडाही लागला नाही. त्यांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "अल्फाज ठीक हैं. मगर आवाज कम रखो, और खिडकी लगा लो."

डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ होऊन फार काळ लोटला नव्हता. मोठी माणसं कुजबुजत बोलायची ते दिवस. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण त्यात गडबड होती. गाणं ऐकणं गुनाह असेल, तर खिडकी लावून आवाज कमी होतो, गुनाह कमी होत नाही. खिडकी लावायची होती ती शेजाऱ्यांसाठी, रस्त्यावरून जाणाऱ्या शिपायासाठी. अल्लाहसाठी नाही. अब्बांनाही हे माहीत होतं. म्हणूनच त्यांनी 'हराम' हा शब्द वापरला नाही. भीतीला त्यांनी भीतीच राहू दिलं, तिला दीनचे कपडे घातले नाहीत. त्या काळातल्या एका हिशेबनिसाकडून हा मोठाच प्रामाणिकपणा होता.

आजच्या पालकांमध्ये मला तो कमी दिसतो. मुलगा विचारतो, "ही नज्म का नाही म्हणायची?" त्याला उत्तर मिळतं, "गुनाह आहे." त्याच घरात लग्नाच्या वरातीत डीजे वाजतो, मोबाइलवर दिवसभर फिल्मी गाण्यांचे रील्स चालतात. चौदा वर्षांच्या मुलाला एवढा विरोधाभास कळतो. मग तो दोन निष्कर्ष काढतो. एक, मोठी माणसं खोटं बोलतात. दोन, दीन म्हणजे घाबरण्याचं दुसरं नाव. दुसरा निष्कर्ष जास्त घातक आहे, आणि तो आपणच त्याला शिकवलेला असतो.

दीनचा प्रश्न त्याच्या जागी

संगीताच्या जायज-नाजायजबद्दल फतवा देण्याचा अधिकार माझ्यासारख्या शिक्षिकेला नाही, आणि तो माझा हेतूही नाही. पण या प्रश्नावर उलेमांमध्ये पहिल्यापासून मतभेद आहेत, हे सांगायला हरकत नसावी. वाद्यांना मनाई करणारं मत मोठं आणि वजनदार आहे. दुसरीकडे इमाम गझालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समा या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि अटींसह त्याला जागा दिली. चिश्ती सिलसिल्यात कव्वाली इबादतीसारखी रुजली. नागपूरला ताजाबादच्या उर्सला आपल्या भागातून दरवर्षी माणसं जातात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्या घराला जे मत पटतं, त्याने ते पाळावं. वाद्य नको असेल, तर नको.

पण शब्दांचं काय? निषेधाच्या गाण्याचा जीव शब्दांत असतो, तबल्यात नव्हे. आणि शब्दांबद्दल परंपरा काय सांगते ते पाहा. सूरह शुअराच्या अखेरीस भटकवणाऱ्या शायरांवर टीका आहे; पण तिथेच एक अपवादही आहे. ईमान राखणारे, नेक अमल करणारे, अल्लाहचं स्मरण करणारे आणि जुल्म झाल्यावर प्रत्युत्तर देणारे शायर त्या टीकेतून वगळले आहेत. जुल्म सोसलेल्याच्या शायरीला ही खास जागा दिलेली आहे. हजरत हस्सान बिन साबित यांच्यासाठी तर मस्जिदीत मिंबर ठेवला जायचा, असं हदीसच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. जालिम सत्ताधीशासमोर हक्काची गोष्ट बोलण्याला किती मोठा दर्जा दिलाय, हे आपले खतीब आपल्याला जुम्याच्या खुतब्यात सांगतातच.

म्हणून घरात मुलाला सांगायचं असेल तर नेमकं सांगू या. "वाद्य आपल्याकडे वापरत नाहीत, तू तरन्नुममध्ये म्हण" हे एक प्रामाणिक उत्तर आहे. "ही नज्म म्हटलीस तर कायद्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून मला भीती वाटते" हेही प्रामाणिक उत्तर आहे. "अन्यायाविरुद्ध बोलणं गुनाह आहे" हे मात्र खोटं उत्तर आहे.

आता कायद्याचा प्रश्न

भीतीचा इलाज माहितीने होतो, म्हणून २८ मार्च २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक घराला माहीत हवा. प्रकरण होतं इमरान प्रतापगढी यांचं. ते शायर आहेत आणि राज्यसभेत महाराष्ट्राचं प्रतिनिधित्व करतात. गुजरातच्या जामनगरमधल्या एका सामूहिक विवाह सोहळ्याचा व्हिडिओ त्यांनी समाजमाध्यमावर टाकला. त्याच्या मागे एक उर्दू नज्म ऐकू येत होती. तेवढ्यावर जानेवारी २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला. गुजरात उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुइयां यांच्या खंडपीठाने तो रद्द केला.

निकालातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, शब्दांचा परिणाम मोजताना माप कुणाचं लावायचं? न्यायालयाने सांगितलं की खंबीर आणि समंजस माणसाचं लावायचं. कशानेही दुखावल्या जाणाऱ्या किंवा प्रत्येक टीकेत धोका शोधणाऱ्या माणसाचं नाही. दुसरी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना वरिष्ठांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याशी संबंधित अशा प्रकरणांत ही चौकशी आधी करणंच योग्य, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी कविता वाचावी तरी!

मग दोनच महिन्यांत नागपुरात काय झालं? इथे कायद्याची बारीक रचना समजून घ्यायला हवी. समाजात तेढ निर्माण करण्याचं कलम १९६ लावलं, तर साधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे ते प्राथमिक चौकशीच्या चौकटीत बसतं. कलम १५२ ची शिक्षा मात्र जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. ते त्या चौकटीच्या बाहेर जातं. थोडक्यात, जितकं जड कलम लावाल, तितकं आधी थांबून विचार करण्याचं बंधन हलकं होतं. जुन्या राजद्रोहाच्या कलमाचा, १२४-अ चा, वापर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केला होता. नव्या संहितेत 'राजद्रोह' हा शब्द गेला. पण १५२ ची व्याप्ती पाहून जुनंच कलम नवं नाव घेऊन आलं, अशी टीका कायद्याच्या अभ्यासकांनी केली. एका नज्मला हे कलम लावलं जातं, तेव्हा ती टीका खोटी कशी म्हणायची?

आणि हे फक्त उर्दू नज्मपुरतं नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरवर सत्ताबदलावरच्या रॅपसाठी अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्याच्या गाण्यात उर्दूही नव्हती आणि पाकिस्तानही नव्हता. तेव्हा 'हे आपल्यालाच का' असं म्हणून कुढत बसण्यापेक्षा, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक गाणाऱ्या तोंडाचा आहे हे ओळखलेलं बरं.

गोंदियाची भीती हवेतून आलेली नाही

तरीही मी पालकांना घाबरट म्हणणार नाही. आपला जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्याने नक्षलवादाची दहशत त्याआधीपासून सोसली आहे. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. या पट्ट्यात डफ घेऊन गावात आलेलं गाणारं पथक नुसतं पथक कधीच नव्हतं. नक्षलवाद्यांनी गाण्याचा वापर प्रचारासाठी केला हे खरं. आणि त्यामुळे मजुरी, तेंदूपत्ता, जमिनीवर गाणारा प्रत्येक जण संशयात सापडला हेही खरं. दोन्ही बाजूंनी भरडला गेला तो साधा गावकरी.

कबीर कला मंचाचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. पुण्याच्या या तरुण शाहिरांपैकी काहींना २०११ मध्ये अटक झाली. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं. जवळजवळ चार वर्षं गेली, तीही दोष सिद्ध न होता. सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे आणि गायचोर यांना एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक झाली. अशा खटल्यांत निकालाआधीच शिक्षा भोगून होते.

त्यात जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांचा बंदोबस्त हा त्याचा सांगितलेला हेतू. पण 'बेकायदेशीर कृत्य' या व्याख्येत बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्य सादरीकरणही येतं. विधेयकावर बारा हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या होत्या. सामान्य नागरिकावर याचा वापर होणार नाही, असं सरकार सांगतं. तो शब्द पाळला जातो की नाही, हे जिल्ह्या-जिल्ह्यात पाहावं लागेल.

म्हणून देवरीच्या किंवा गोरेगावच्या एखाद्या आईला मी 'घाबरू नका, सुप्रीम कोर्ट आहे' असं सहज सांगू शकत नाही. खासदाराला दिल्लीत मोठे वकील मिळतात. सायकल दुरुस्त करणाऱ्या बापाच्या मुलाला जिल्हा कोर्टाची तारीख सांभाळतानाच रोजी बुडवावी लागते. कॉलेजचं चारित्र्य प्रमाणपत्र, नोकरीची पोलीस पडताळणी, सगळं अडकतं. मागच्या वर्षी एका पालकाने समूहगीताच्या यादीतून मुलीचं नाव काढायला लावलं. गीतात आक्षेपार्ह काहीच नव्हतं. तरी ते म्हणाले, "मॅडम, हमारा नाम ही काफी है." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मुलीने ते ऐकलं होतं, आणि त्यानंतर ती वर्गात कविता म्हणायलाही उठली नाही. भीतीची किंमत अशी चुकवली जाते. फिर्याद न होताच.

हा वारसा परका नाही

आपल्या मुलांना वाटतं की आपलं घराणं म्हणजे चुप्पीचं घराणं. तसं नाही. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल नावाचे एक गरीब घरातले तरुण. आईकडून लोकगीतांचा वारसा मिळालेला. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तत्कालीन मुंबई सरकारची वक्रदृष्टी या कलापथकावर कायम राहिली. तमाशावर बंदी आली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच कलेला 'लोकनाट्य' म्हणून लोकांसमोर नेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा पहाडी आवाज ऐकायला मैदानं भरायची. आज जे राज्य निषेधाच्या गाण्याकडे संशयाने पाहतं, ते १ मे १९६० ला जन्माला आलं त्यात अशा गाण्यांचा मोठा वाटा आहे. आणि त्या गाण्यांमागचा एक मोठा आवाज मुस्लिम घरातून आलेला होता. शाळेत महाराष्ट्र दिनाला हे किती मुलांना सांगितलं जातं?

दीनदार माणूस आणि निषेधाचा शायर हे एकत्र राहू शकत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मौलाना हसरत मोहानी. नमाजी, अनेकदा हज केलेले, साधेपणासाठी प्रसिद्ध. 'इन्कलाब जिंदाबाद' ही घोषणा त्यांनी दिली. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडणाऱ्यांत ते होते. इंग्रजांच्या तुरुंगात त्यांनी चक्की पिसली. आणि प्रेमाच्या गझलाही तितक्याच नजाकतीने लिहिल्या.

समाजाच्या आतला वादही जुना आहे. इक्बाल यांच्या 'शिकवा'वर आपल्याच लोकांनी गदारोळ केला होता. बंद्याने खुदाकडे तक्रार करावी, हे अनेकांना पटलं नाही. १९१३ मध्ये 'जवाब-ए-शिकवा' आला. आज तेच दोन्ही जलशांत पढले जातात. वादग्रस्त ठरलेली प्रत्येक गोष्ट पुढे मान्य होते असं नाही. पण पन्नास वर्षांनी आपण कशाचा अभिमान बाळगू, हे आजच्या ओरड्यावरून ठरत नाही एवढं नक्की.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. अमर शेखांच्या कन्या मल्लिका अमर शेख या स्वतः कवयित्री. कलापथकाच्या वातावरणात वाढलेल्या. नामदेव ढसाळांशी लग्न झालं. १९८४ च्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनात त्यांनी विद्रोहाच्या घरातही बाईच्या वाट्याला काय येतं, ते न लपवता लिहिलं. रस्त्यावर समतेचं गाणं आणि घरात जुनीच सत्ता, हे कुठल्याही समाजात होतं. आपल्याकडेही मुलाने मंचावर नज्म म्हटली तर 'माशाअल्लाह', आणि मुलीने म्हटली तर 'बेपर्दगी'. जी गाणी सत्तेला प्रश्न विचारतात, ती घरातल्या सत्तेलाही विचारणारच. कदाचित काही घरांमध्ये या गाण्यांची खरी भीती तीच असावी.

माप एकच हवं

कुणी विचारेल, मग काहीही गायलं तरी चालेल का? नाही. मिरवणुकीत मस्जिदीसमोर डीजे थांबवून मुद्दाम वाजवली जाणारी डिवचणारी गाणी आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. ती निषेधाची गाणी नाहीत. निषेधाचं गाणं सत्तेकडे बोट दाखवतं, द्वेषाचं गाणं शेजाऱ्याकडे. पहिलं कमजोर माणूस ताकदवानाला ऐकवतो, दुसरं गर्दी एकट्याला ऐकवते. हा फरक पोलिसांनी ओळखायला हवा आणि आपल्या पोरांनीही. त्याच बीटवर दुसऱ्या धर्माची टिंगल करणारा रील आपला मुलगा बनवत असेल, तर तिथे 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य' म्हणून त्याची पाठ थोपटू नये. आपल्याला जे न्यायाचं माप हवं, ते आधी आपल्या घरात वापरायला हवं.

मग घरात काय करायचं?

माझ्या वर्गाच्या अनुभवातून काही साध्या गोष्टी सुचवते.

मुलं काय ऐकतात ते आधी त्यांच्यासोबत बसून ऐका. नज्मचा अर्थ लावा. कुणी लिहिली, केव्हा लिहिली, कुणाविरुद्ध लिहिली, हे विचारा. ज्या मुलाला 'हम देखेंगे'ची पार्श्वभूमी माहीत आहे, त्याला कुणी 'पाकिस्तानी गाणं' म्हणून गप्प करू शकत नाही. आणि तो स्वतःही ते उगाच चिथावणीसाठी वापरणार नाही.

दुसरं, जागा आणि वेळ यांचं भान शिकवा. घरात म्हणणं, शाळेच्या स्पर्धेत म्हणणं आणि तणावाच्या दिवशी व्हिडिओवर आपली ओळ जोडून पसरवणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बरेच वाद कवितेवरून कमी आणि वर लिहिलेल्या मजकुरावरून जास्त होतात. भान ठेवणं म्हणजे तोंड बंद करणं नव्हे.

तिसरं, कायद्याची किमान माहिती ठेवा. पोलिसांनी बोलावलं तर लेखी नोटीस मागता येते. अटक केली तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. ज्याला वकील परवडत नाही, त्याच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. ते आपल्या गोंदियातही आहे आणि मुलांसाठी, महिलांसाठी त्याची मदत मोफत आहे. मस्जिद कमिट्या, शाळांच्या पालक सभा आणि मोहल्ल्यातल्या तरुण मंडळांनी वर्षातून एकदा वकील बोलावून हे समजावून सांगितलं, तर अर्धी भीती तिथेच उतरेल.

चौथं, मुलींना मंच द्या. पर्दा सांभाळून, तरन्नुममध्ये, वाद्याशिवाय, जसं तुमच्या घराला पटेल तसं. पण द्या. तिला गप्प बसवणारं कारण दीनचं आहे की 'लोग क्या कहेंगे'चं, हे स्वतःला एकदा विचारा.

पाचवं, एकटे राहू नका. आपल्या जिल्ह्यात १४ एप्रिलला भीमगीतं घुमतात, झाडीपट्टीतली दंडार आणि खडी गंमत अजून जिवंत आहे, गोंडी गाणी आहेत. त्यांच्याही गाण्यांत भूक आहे, जमीन आहे, अपमान आहे. आपल्या मुलांनी ती ऐकावीत, त्यांच्या मुलांनी फैज ऐकावा. नागपूरच्या त्या सभागृहात एका आंबेडकरी कार्यकर्त्याच्या आठवणीत उर्दू नज्म गायली गेली, ही बाब गुन्ह्याच्या बातमीत हरवून गेली. मला तरी त्या दिवसातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते.

भीती वाटणं हा कमजोरपणा नाही. ती मुलांना भीती म्हणूनच सांगा, तिच्यावर दीनचं लेबल लावू नका. आणि दीन सांगायचा असेल, तर त्यात जुल्म सोसलेल्याच्या बोलण्याला दिलेली जागाही सांगा. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजल्या, की काय गायचं, कुठे गायचं आणि कुठे थांबायचं, हे आपली मुलं आपल्याशी बोलून ठरवतील. आपल्यापासून लपवून नाही.